घोडबंदर रोड नेमका कुठला: अंधेरीचा की ठाण्याचा?

अंधेरी-सांताक्रूझकडच्या एखाद्या जुन्या खरेदीखतात ‘घोडबंदर रोड’ असा पत्ता निघाला की नवी पिढी बुचकळ्यात पडते. घोडबंदर रोड तर ठाण्याला. कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवलीवरून गायमुखकडे जातो तो. मग अंधेरीत कुठून आला? पण पत्ता चुकलेला नसतो. आजच्या स्वामी विवेकानंद मार्गाचं, म्हणजे एस. व्ही. रोडचं, पूर्वीचं नाव घोडबंदर रोडच होतं.

रस्ता जिथे नेतो त्या गावाचं नाव त्याला द्यायची तेव्हा रीत होती. आताचा लालबहादूर शास्त्री मार्गही असाच आग्रा रोड होता. घोडबंदर हे साष्टी बेटाच्या, म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्यावर वसलंय त्या बेटाच्या, उत्तर टोकाला, वसईच्या खाडीवर. पोर्तुगीज काळात तिथे घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. तिथला किल्ला १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. बेटाच्या मधोमध, आज राष्ट्रीय उद्यान आहे ते डोंगर. त्यांच्या पश्चिमेने वांद्र्याचा रस्ता वर चढे आणि दुसऱ्या अंगाने ठाण्याचा येई. निघायची ठिकाणं दोन, पोचायचं बंदर एक.

वांद्र्याच्या रस्त्याला खरं महत्त्व आलं ते १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाल्यावर. तोवर माहीमहून वांद्र्याला नावेतूनच जावं लागे. कॉजवेसाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी जमशेटजी यांनी आपल्या पैशातून १ लाख ५७ हजार रुपये दिले. त्या काळात ही रक्कम केवढी मोठी होती! पुढे १८६० च्या दशकात या रस्त्याला जवळजवळ समांतर रेल्वे आली आणि रस्त्याचं रूपच पालटलं. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत पूर्वेकडच्या कुठल्याही गल्लीत वळा, पुढे स्टेशन लागतं. लांबची वाहनं नंतर पश्चिम द्रुतगती महामार्गाने जाऊ लागली, एस. व्ही. रोड उपनगरांची बाजारपेठ म्हणून गजबजत राहिला. आता तो दहिसरलाच महामार्गाला मिळतो, घोडबंदरपर्यंत त्या नावाने पोचतही नाही.

ठाण्याच्या रस्त्याने नाव टिकवलं, पण त्याच्या सोबतीला रेल्वे कधीच आली नाही. सगळा भार बस, रिक्षा आणि खासगी गाड्यांवर. त्यात उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनरही इथूनच, गायमुखचा घाट ओलांडून अहमदाबाद महामार्गाला लागतात. म्हणजे घरी परतणारा माणूस आणि बंदराचा माल एकाच रस्त्यावर. घाटात एखादा ट्रक बंद पडला की मागे रांगा लागतात. वाघबीळ, कासारवडवलीला टॉवर आधी उभे राहिले आणि मेट्रो ४ चे खांब त्यानंतर. हा क्रम उलटा हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा जुन्या कागदात घोडबंदर रोडसोबत वांद्रे, पार्ले, मालाड असं काही असेल तर एस. व्ही. रोड समजा, ठाणे असेल तर काहीच बदलायला नको.

या दोन बाजूंना जोडणारी वाट अजून त्या बंदरावरूनच जाते: बोरिवलीहून ठाण्याला निघालेली बस काशिमिऱ्यावरून पुढे जाऊन घोडबंदरला वळते आणि घाटातून ठाण्याकडे येते. आता बोरिवलीच्या मागाठाण्यापासून ठाण्याच्या टिकुजिनीवाडीपर्यंत डोंगराखालून जुळा बोगदा होतो आहे, सुमारे १२ किलोमीटरचा मार्ग. तो खुला झाला की हा वळसा घ्यावा लागणार नाही.