पुस्तकांसाठी खून करणारा पाद्री? टिनिउसबद्दल खुलासा

जर्मन ग्रंथसंग्राहक योहान गेओर्ग टिनिउस (1764–1846) याची गोष्ट अजूनही चवीनं सांगितली जाते. पोझेर्ना गावच्या या पाद्र्यानं म्हणे पुस्तकवेडापायी माणसांमागून माणसं मारली, घोडागाडीतल्या प्रवाशांना विषारी तपकीर हुंगवून लुटलं.

कागदोपत्री चित्र वेगळं आहे. प्रकरण मुख्यतः लाइपझिगमधल्या दोन हल्ल्यांचं होतं: 1812 मध्ये श्मिट नावाचा व्यापारी, 1813 मध्ये कुनहार्ट ही वृद्ध विधवा. तपकिरीची कथा ऐकीवच. त्यानं गुन्हा शेवटपर्यंत कबूल केला नाही; शिक्षा झाली ती परिस्थितीजन्य पुराव्यावर. तो पुरावा मात्र फुसका नव्हता. कुनहार्टबाईंच्या मोलकरणीनं त्याला ओळखलं होतं आणि कोठडीतून त्यानं आपल्या बाजूनं खोटी साक्ष मिळवायला चोरून पत्रंही लिहिली. म्हणून त्याला निर्दोष ठरवणंही मला पटत नाही. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला, कारण मधेच 1815 मध्ये पोझेर्नाचा भाग सॅक्सनी या जर्मन राज्याकडून शेजारच्या प्रशिया राज्याकडे गेला. सुटका झाली 1835 मध्ये.

पुस्तकं 60,000 होती असंही सांगतात. 1821 च्या लिलावाच्या यादीत 16,000 हून अधिक नोंदी आहेत. एका नोंदीत अनेक खंड असू शकतात, तरी 60,000 हा आकडा जपूनच घ्यावा. शिवाय लग्नांतूनही त्याच्याकडे पैसा आला होता. त्यामुळे प्रत्येक पुस्तकामागे रक्ताचा पैसा होता हे म्हणणं सरळसरळ चूक आहे.