पथ्याचं ताट आणि समुद्राचा डोस

रोज सकाळी अर्धा लिटर समुद्राचं पाणी प्यायचं. चूळ भरून थुंकायचं नाही, गिळायचं. मोठ्या माणसाचं पोट तीन-चार वेळा साफ व्हायला एवढं पुरतं, असा हिशेब होता. १७५० साली रिचर्ड रसेल या इंग्लिश डॉक्टरने लॅटिनमध्ये प्रबंध लिहून सुजलेल्या गाठींवर हा उपाय सांगितला. पिण्याच्या जोडीला थंडगार पाण्यात बुडी मारायची, शक्यतो हिवाळ्यात. १७५३ मध्ये त्याने ब्राइटनला समुद्राला लागूनच घर बांधलं आणि मासेमारीवर जगणाऱ्या त्या गावात रोग्यांची रीघ लागली.

आज समुद्रकिनारी जायचं म्हणजे घड्याळ काढून ठेवायचं आणि दुपारी झोपायचं. घरी आवडीचा चमचमीत पदार्थ कमी तेलात करून खाणं हाही तसाच लाडाचा प्रकार झाला आहे. या दोन्ही हौसा एकाच माणसात सापडतात, तो योगायोग नाही. दोन्ही जन्मल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि सुरुवातीला दोन्हींत मौज औषधालाही नव्हती.

रसेलच्या काळात समुद्रात उतरणं ही शिक्षाच होती. चाकांची लाकडी खोली घोड्याने पाण्यात ओढत न्यायची, रोग्याने आत कपडे बदलायचे, मग मागच्या पायऱ्यांवरून खाली. तिथे दंडाला धरून पाण्यात बुचकळणाऱ्या बायका उभ्या असत. ब्राइटनची मार्था गन त्यांच्यात सगळ्यात नावाजलेली. धिप्पाड बाई, नव्वदीला टेकेपर्यंत जगली. या गाड्यांना पुढे कापडी छत्री जोडली ती मार्गेटच्या बेंजामिन बील याने, कुणी अंघोळ पाहू नये म्हणून. त्याच मार्गेटला १७९१ मध्ये जॉन कोकली लेटसम या डॉक्टरच्या पुढाकाराने गंडमाळेच्या, म्हणजे मानेच्या गाठी सुजण्याच्या, गरीब रोग्यांसाठी समुद्रस्नानाचं रुग्णालय निघालं. दोन वर्षांनी जर्मनीत बाल्टिक किनाऱ्यावर हायलिगेनडामची सुरुवात झाली, तीही वैद्याच्याच सल्ल्यावरून. आणि १७८९ मध्ये आजारातून उठलेला इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेमथला पाण्यात डोकं बुडवायला उतरला, तेव्हा शेजारच्या गाडीत लपलेल्या वादकांनी राष्ट्रगीत सुरू केलं. औषध घेताना बँड वाजलेला दुसरा रोगी मला तरी आठवत नाही.

हलक्या खाण्याची गोष्ट याच्याही थोडी आधीची. जॉर्ज चेनी हा स्कॉटिश डॉक्टर लंडनमध्ये प्रॅक्टिस जमवण्यासाठी खानावळींत बसून खात-पीत राहिला आणि त्याचं वजन दोनशे किलोंच्या घरात गेलं. दूध आणि भाज्यांवर राहून त्याने ते उतरवलं, पुन्हा वाढवलं, पुन्हा उतरवलं. १७२४ मध्ये त्याने दीर्घायुष्यावर पुस्तक लिहिलं. ते खूप खपलं, कारण लिहिणारा स्वतः हावरा होता हे वाचणाऱ्यांना ठाऊक होतं. तरी त्याने सांगितलेलं जेवण हे पथ्यच. चव हा त्यातला मुद्दाच नव्हता.

समुद्राची बाजू आधी सैल झाली. १८४१ मध्ये लंडन ते ब्राइटन रेल्वे धावू लागली. घोडागाडीपेक्षा कितीतरी कमी वेळात लोक किनाऱ्याला पोचू लागले. १८७१ मध्ये जॉन लबक यांच्या प्रयत्नाने बँकांना सुट्ट्या देणारा कायदा झाला आणि ऑगस्टमधल्या पहिल्याच सुट्टीच्या सोमवारी लोक किनाऱ्यांकडे लोटले. डॉक्टर मागे राहिला, गर्दी पुढे गेली. गर्दीला भूकही लागते. साधारण १८६० च्या सुमारास लंडनमध्ये आणि उत्तरेकडच्या गिरणी-गावांत तळलेला मासा आणि तळलेला बटाटा एकत्र विकला जाऊ लागला (आधी कुणी, हे भांडण तिथे अजून मिटलेलं नाही). पुढे तेच किनाऱ्यावरचं हुकमी खाणं झालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बहुतेक जिन्नस रेशनवर गेले, पण हा पदार्थ सरकारने मोकळा ठेवला. ज्या किनाऱ्यावर लोक पोट साफ करायला जात, तिथे आता ते चरबीत तळलेलं कागदातून खात होते.

पगारी सुट्टी मिळाली तेव्हा कुठे कामगाराला समुद्र एका दिवसापुरता न राहता आठवडाभराचा झाला. फ्रान्सने जून १९३६ मध्ये दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली, वर लिओ लाग्रांज या मंत्र्याने रेल्वेचं तिकीट ४० टक्क्यांनी स्वस्त केलं. ब्रिटनचा कायदा १९३८ चा. उन्हात पडून राहण्याची आवडही साधारण याच पिढीची. त्याआधी फ्रान्सचा दक्षिण किनारा ही श्रीमंतांची हिवाळ्यातली जागा होती, उन्हाळ्यात हॉटेलांना टाळं. १९२३ च्या उन्हाळ्यात आंतीबचं एक मोठं हॉटेल मर्फी या अमेरिकन दांपत्याच्या आग्रहाखातर उघडं राहिलं, आणि ऋतूच उलटा झाला.

स्वयंपाकघराची बाजू मात्र बराच काळ इस्पितळातच अडकली होती. विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत अन्नाची ऊर्जा मोजली. एक ग्रॅम पिठूळ पदार्थ किंवा प्रथिन म्हणजे ४ कॅलरी, एक ग्रॅम चरबी म्हणजे ९. या दोन आकड्यांनी पुढचं सगळं ठरवलं. ‘हलकं’ म्हणजे ‘कमी तेलाचं’ हे समीकरण इथलं. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी तर वाचकांना बजावलं की यापुढे पावाचा तुकडा म्हणायचं नाही, शंभर कॅलरींचा पाव म्हणायचं. माझ्या मते जेवणाच्या टेबलावरचा आनंद इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कुणी मारला नसेल.

याला छेद देणारा पदार्थ झुरिकचा, म्यूस्ली. मॅक्स बिर्खर-बेन्नर यांनी १९०४ मध्ये तिथल्या टेकडीवर आरोग्यधाम उघडलं. रोग्यांना जेवणाआधी एक वाडगा मिळे: चमचाभर ओट्स पाण्यात भिजवलेले, त्यावर लिंबू, थोडं गोड घट्ट दूध, सालीसकट किसलेलं अख्खं सफरचंद आणि वर कुटलेला सुकामेवा. त्यात सफरचंद भरपूर आणि धान्य नावाला. आज पाकिटातून मिळणाऱ्या म्यूस्लीत प्रमाण नेमकं उलटं असतं, साखर वेगळीच.

इंग्रजीतल्या ‘कम्फर्ट फूड’ या शब्दाची एक जुनी नोंद १९६६ ची, आणि ती फ्लोरिडातल्या पाम बीच या किनाऱ्यावरच्या गावातल्या दैनिकात आहे. बातमी होती लठ्ठपणावर: मन बिथरलं की मोठी माणसं लहानपणच्या सुरक्षित चवींकडे वळतात. त्यात उदाहरणं आहेत आईच्या हातचं पाण्यात शिजवलेलं अंडं आणि कोंबडीचं सूप. म्हणजे शब्द रुळू लागला तेव्हा त्यातले पदार्थ तसे हलकेच होते! चीज आणि तळण त्याला नंतर चिकटलं.

समुद्र आणि साधं ताट पुन्हा एकत्र आणलं ते अँसेल कीज यांनी. हा मिनेसोटाचा शरीरशास्त्रज्ञ. १९५८ पासून त्यांच्या पुढाकाराने सात देशांतल्या ४० ते ५९ वयाच्या जवळजवळ तेरा हजार पुरुषांचं खाणं आणि हृदय तपासलं गेलं. देश कसे निवडले यावर टीका झाली, ती गैरलागू नाही. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या शेतकऱ्यांचं ताट साधं होतं त्यात युद्धानंतरच्या गरिबीचा वाटा होताच. पण भूमध्य समुद्राकाठचं साधं ताट हृदयाला बरं, हा स्वतःचा सल्ला कीज यांनी स्वतः पाळला. दक्षिण इटलीत पिओप्पी नावाच्या कोळ्यांच्या गावात समुद्रासमोर घर बांधून ते आणि पत्नी मार्गारेट अनेक वर्षं राहिले. २००४ मध्ये गेले तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्य समुद्राकाठच्या आहाराला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली.

फ्रान्समध्ये हे काम एका आचाऱ्याने आणि एका सायकलपटूने केलं. टूर द फ्रान्स सलग तीनदा जिंकलेला लुईझों बोबे १९६१ मध्ये मोटार अपघातात जायबंदी झाला, रॉस्कॉफच्या किनाऱ्यावर समुद्रजलाच्या उपचारांनी सावरला आणि १९६४ मध्ये किब्रों इथे त्याने स्वतःचं केंद्र काढलं. इथे खारं पाणी प्यायला लागत नसे. कोमट टाकी, मालीश, आराम. आणि मिशेल गेरार लग्नानंतर सासरच्या गरम झऱ्यांच्या गावी गेले, तर वजन उतरवायला आलेली मंडळी किसलेल्या गाजरापुढे तोंड पाडून बसलेली. त्यांनी सॉसमधलं लोणी आणि साय काढून वाटलेल्या भाज्या घातल्या, मासे वाफवले, आणि १९७६ मध्ये त्या पाककृती छापल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या हॉटेलला मिशलँ या नामांकित रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तिसरा तारा मिळाला. पथ्याचं जेवण रुचकर असू शकतं, हे इतक्या ठसठशीतपणे पहिल्यांदा सिद्ध झालं.

घरच्या गॅसपाशी हे सगळं पोचायला भांडी लागली. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलेलं टेफ्लॉन, म्हणजे ज्याला काही चिकटत नाही असं प्लास्टिक, मार्क ग्रेगवार या मासेमारीच्या शौकीन फ्रेंच इंजिनिअरने तव्यावर बसवलं. टेफाल कंपनी १९५६ ची. फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात एअरफ्रायर आणला २०१० मध्ये. नावात तळणं असलं तरी तो आहे छोटासा, जोरदार पंख्याचा ओव्हनच.

तेलात न बुडवताही तळल्यासारखा रंग का येतो, याचं कारण १९१२ मध्येच लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगून ठेवलं होतं. तळलेल्या बटाट्याचा तो खमंग तपकिरी रंग तेलाचा नसतो, तापलेल्या प्रथिन-साखरेचा असतो, आणि तो भराभर चढायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. पृष्ठभागावर पाणी असेल तोवर पारा शंभराशी अडतो. मी पहिल्यांदा कमी तेलातले बटाटे केले तेव्हा कापून, धुऊन तसेच ओव्हनमध्ये सारले. निघाले ते फिकट, लिबलिबीत, उकडल्यासारखे. आता अर्धवट उकडतो, पाणी काढून पातेल्यातच झाकण लावून दणकन हलवतो, म्हणजे कडा खरबरीत होतात. मग पसरून वाफ जाऊ देतो, चौघांच्या बटाट्यांना एक मोठा चमचा तेल चोळतो आणि २२० अंशांवर ठेवतो. विकतच्या तळलेल्या फोडींत वजनाच्या दहा-पंधरा टक्के तेल सहज असतं, इथे त्याच्या पाव भागातही भागतं. ट्रेमध्ये एकावर एक फोडी रचल्या तर मात्र वाफ कोंडते आणि पुन्हा पहिल्या दिवसासारखे बटाटे खावे लागतात.