समनामी नोंदी (ठाणे व नवी मुंबई)

समनामी नोंदी : एकच व्यक्तिनाव असलेले, पण वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या दप्तरांत आणि वेगवेगळ्या कारणांनी तयार झालेले कागद. फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद), खरेदीखत, जन्ममृत्यूची नोंद, चर्चमधली बाप्तिस्म्याची वही, मतदारयादी, भूसंपादनाचा निवाडा यांत एकच नाव आढळले, तर तो माणूसही एकच का, हे ठरवावे लागते. हे काम इतिहासाच्या अभ्यासकाला करावे लागते, तसेच वंशावळ लावणाऱ्याला आणि जमिनीचा सर्च, म्हणजे मालकीचा जुन्या कागदांतून मागोवा, घेणाऱ्या वकिलालाही. नावाचा उपयोग दोन कागद शेजारी ठेवण्यापुरता असतो. ते जोडायला नावाबाहेरचा पुरावा लागतो.

ठाण्यात हा प्रश्न शिलाहारांपासूनचा आहे. उत्तर कोकणच्या या राजघराण्याची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे. घराण्यात अपरादित्य नावाचे दोन राजे झाले. शके १०४९ (इ.स. ११२७) चा वडवली ताम्रपट एकाचा, भिवंडीजवळच्या लोनाडचा आणि परळचा शिलालेख यांचा काळ बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, ते दुसऱ्याचे. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘अपरार्क’ ही टीकाही अपरादित्याच्याच नावावर आहे. पण कोणत्या? उत्तराचा मोठा आधार आला थेट काश्मीरहून. मंख कवीने ‘श्रीकंठचरित’ काव्यात काश्मीरमधल्या एका विद्वत्सभेचे वर्णन केले आहे. तिथे कोकणचा राजा अपरादित्य याचा दूत तेजकंठ हजर होता आणि कनौजच्या गोविंदचंद्राचा दूतही होता. गोविंदचंद्र आणि काश्मीरचा तेव्हाचा राजा जयसिंह हे दोघेही बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, त्यामुळे हा अपरादित्य पहिला ठरतो, आणि टीकाही सामान्यतः त्याचीच मानली जाते. ‘पहिला’, ‘दुसरा’ ही बिरुदे अभ्यासकांनी नंतर लावली. ताम्रपटांवर ती नाहीत.

याच घराण्यात उलटा प्रकारही आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खोदताना शके ९३९ (इ.स. १०१७) चा ताम्रपट मिळाला. तो देणारा राजा अरिकेसरी. त्यालाच केशिदेव असेही म्हणत, आणि पुढे तेराव्या शतकात आणखी एक केशिदेव गादीवर आला. म्हणजे इथे एका माणसाची दोन नावे, आणि त्यांतले एक पुन्हा दुसऱ्या माणसाचे.

महसुली दप्तरात मात्र पहिला-दुसरा लावायला कोणी बसलेले नसते. ठाणे, बेलापूर, उरण या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत आडनावे मोजकी : पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर, घरत, कोळी, तांडेल, मढवी. कित्येक गावांत अर्धी वस्ती एकाच आडनावाची. त्यात नातवाला आजोबाचे नाव ठेवायची रीत. त्यामुळे जोमा धर्मा, धर्मा जोमा, पुन्हा जोमा धर्मा अशी नावांची शिडी तयार होते आणि आजोबा-नातवाच्या मधली पिढीच कागदावर नाहीशी झाल्यासारखी वाटते. दोन चुलतभावांनी आपापल्या मुलांना एकाच आजोबाचे नाव दिले, तर एकाच पिढीत, एकाच आळीत दोघे समनामी. गावाला त्याची अडचण नसते, कारण गाव त्यांना टोपणनावाने ओळखते. ते टोपणनाव तलाठ्याच्या वहीत ‘उर्फ’ म्हणून आले, तर पुढच्या पिढ्यांचे नशीब.

जुन्या कागदांत नाते सांगणारे शब्द ठरलेले आहेत : ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ लिहिले असेल, तर खातेदार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असून शेजारचे नाव पालनकर्त्याचे, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि त्याच्या नावामागे बहुधा भावांचे हक्कही असतात. या अक्षरांकडे दुर्लक्ष केले, की पालकच मालक वाटू लागतो. मोडीतल्या नोंदींत आणखी एक अडचण : त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडून लिहिण्याचा रिवाज नाही. माणसाचे नाव कुठे संपते आणि बापाचे कुठे सुरू होते, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे.

म्हणून अनुभवी माणूस नावावरून शोधतच नाही. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकाकडे अनेक सूची ठेवल्या जातात. सूची १ व्यक्तींच्या नावांची, सूची २ मिळकतीची. जमिनीचा सर्च सूची २ वरून होतो; सूची १ उघडली, तर तालुक्यातले सगळे नामबंधू हात वर करतात. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि आकार यांवर भिस्त ठेवावी. आकार, म्हणजे रुपये-आण्यांतला सारा, ही तर फार विश्वासू खूण आहे. नाव बदलते, ‘जी’ आणि ‘बाई’ गळतात, पण तुकडा तोच असेपर्यंत आणि फेरआकारणी होईपर्यंत आकार सहसा हलत नाही. नंतर फेरफार (गाव नमुना ६) उलट क्रमाने वाचत मागे जायचे. खातेदारवार उतारा ‘८अ’ मात्र जपून वापरावा, कारण दोन समनामींची खाती एकत्र झाली असतील, तर ती चूक तिथे सहज दिसत नाही. निव्वळ लेखनप्रमाद असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती होते. जमीन नेमकी कोणत्या जोमा धर्माची, हा वाद त्या कलमात बसत नाही. तो दिवाणी न्यायालयात जातो.

नवी मुंबईत या प्रश्नाला किंमत आली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या गावांची जमीन शहरासाठी संपादित झाली. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भूखंड मिळणार निवाड्यातल्या मूळ खातेदाराला किंवा त्याच्या वारसांना. वाटपाची वेळ येईपर्यंत कित्येक खातेदार मयत झाले होते, आणि निवाड्यात होते ते तीन शब्दांचे नाव. वारस दाखला न्यायालयातून, थेट १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. पण दाखला सांगतो तो अमक्या मयताचे वारस कोण एवढेच. तो मयत आणि निवाड्यातला खातेदार एकच, हे वेगळे दाखवावे लागते. ज्या घरी जुन्या साऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद किंवा मिठागराचे करार जपले होते, त्यांचे काम सोपे झाले. पत्र्याच्या पेटीतली ती रद्दी सरकारी दप्तराइतकीच मोलाची ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

गावांची नावेही घोटाळ्यात भर घालतात. कोपरी ठाणे पूर्वेला आहे, तशी खाडीपलीकडे वाशीजवळही आहे. दिवा जंक्शन वेगळे, ऐरोलीचे दिवा गाव वेगळे. ‘मौजे कोपरी’ एवढ्यावर थांबलेला कागद कोणत्या तीरावरचा, हे शेजारचे सर्व्हे नंबर पाहिल्याशिवाय कळत नाही.

ठाणे व साष्टीतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या नोंदींत संतांची नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. तिथे बाप्तिस्म्याच्या वहीतली धर्ममाता-धर्मपित्याची नावे कामी येतात. ती बहुधा नात्यातलीच असतात.

बायकांच्या बाबतीत गुंता दुहेरी. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून एक नाव, सासरच्या रेशनकार्डावर दुसरे, आणि सासरच्या नावाची दुसरी बाई त्याच गावात असू शकते. हक्कसोडपत्रावर अंगठा कोणाचा, हा वाद त्यातूनच निघतो. दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र किंवा नावबदलाची शासकीय राजपत्रातली जाहिरात हे रूढ उपाय आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत महाराष्ट्र शासनाने स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम लावला आहे. आईच्या नावामुळे एका आळीतले दोन जोमा धर्मा यापुढे बरेचसे वेगळे ओळखता येतील. त्याआधीच्या नोंदींसाठी फेरफाराची वहीच उघडावी लागते.