आधी तेल, मग पीठ

पौषात नाशिकला तोंड धुतलं की पाचव्या मिनिटाला माझे गाल तबल्याच्या पुडीसारखे ताणले जातात. नाकपुड्यांच्या कडेला पांढुरके पापुद्रे सुटतात, हनुवटी खरखरीत लागते. आमच्या घरी यावर एकच उपाय होता: डाळीचं पीठ आणि चिमूटभर आंबेहळद दुधात कालवायची आणि खसाखसा चोळायची. मळ निघतो, कातडी उजळते, असं सगळे म्हणायचे. दोन दिवस गाल गुळगुळीत राहायचे. तिसऱ्या दिवशी लाल व्हायचे आणि पापुद्रे पहिल्याहून जास्त सुटायचे. मग पुन्हा पीठ, पुन्हा चोळणं. कित्येक हिवाळे हे असंच चाललं. यंदा मात्र मी थांबले आणि हे पापुद्रे मुळात काय असतात ते नीट समजून घेतलं.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. साधारण 15 ते 20 पदर, आणि सगळे मिळून जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. अमेरिकेतले त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी 1980च्या दशकात या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली, ती आजही वापरली जाते. चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्या दरजांमध्ये भरलेला स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यात वजनाने जवळजवळ निम्मा भाग सेरामाइड नावाच्या मेदाचा, पाव भाग कोलेस्टेरॉलचा आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्लं. आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचा त्रास बाहेर, ते या चुन्यामुळे.

विटा नुसत्या चुन्यात बसलेल्या नसतात. शेजारच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. पेशी पृष्ठभागाजवळ आली की त्वचेतली विकरं, म्हणजे एन्झाइम, हे टाके एकेक करून उसवतात आणि पेशी सुटी होऊन गळून जाते. हे रोज, क्षणोक्षणी चालू असतं. पेशी एकेकटी पडते म्हणून आपल्याला दिसत नाही. जवळपास दोन आठवड्यांत हा अख्खा थर बदलून जातो, कोणीही न चोळता.

या विकरांना काम करायला पाणी लागतं, आणि सगळी गोम इथेच आहे. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेने वरच्या पदरांतलं पाणी उडून गेलं की विकरं मंदावतात, टाके अर्धवट उसवलेले राहतात, आणि एकेकटी पडायची ती पेशी शेकडो जणींचा पुंजका होऊन लटकत राहते. तोच आपला पापुद्रा. मळाशी त्याचा काही संबंध नाही. अर्धवट उसवलेली शिवण हिसकली तर दोऱ्याबरोबर कापडही फाटतं. दरवर्षी तिसऱ्या दिवशी माझ्या गालांचं तेच होत होतं. वरचा पुंजका निघायचा, पण त्याच्यासोबत अजून सुटायला तयार नसलेल्या खालच्या पेशीही ओरबाडल्या जायच्या, दरजा उघड्या पडायच्या, पाणी आणखी वेगाने उडायचं.

काहींची त्वचा जन्मतःच कोरडी असते, त्यालाही ठोस कारण सापडलेलं आहे. फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन पेशींमध्ये तुटतं आणि त्यातून पाणी धरून ठेवणारे छोटे रेणू तयार होतात. या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असेल तर त्वचा माशाच्या खवल्यांसारखी कोरडी होऊ शकते, इसब होण्याचा धोकाही वाढतो. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006मध्ये हे दाखवलं. त्यामुळे ‘तू नीट घासत नाहीस’ असं ज्या मुलींना आयुष्यभर ऐकावं लागलं, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. दोष त्यांच्या घासण्यात नव्हता.

आता साबणाकडे वळू. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 4.5 ते 5.5. (पीएच म्हणजे आम्लता मोजणारा आकडा: 7च्या खाली आम्ल, वर अल्क.) जर्मनीतल्या शाडे आणि मार्किओनिनी या दोघांनी 1928मध्येच याला ‘आम्लाचं आवरण’ म्हटलं होतं. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो. हे मोजमाप दहाच्या पटीत चढतं, म्हणजे 5.5 आणि 9.5 यांत दहा हजार पटींचा फरक आहे. अल्कधर्मी वातावरणात सेरामाइड तयार करणारी विकरं ढेपाळतात आणि टाके उसवणारी भलत्या जागी जोर करू लागतात. साबणाने दरजांमधला मेदही धुतला जातो. या दृष्टीने आपली पिठं चांगलीच आहेत. हरभऱ्याच्या पिठातला स्टार्च आणि प्रथिनं तेलकटपणा टिपून घेतात, त्यात थोडी सॅपोनिनंही असतात. शिकेकाई-रिठ्याला फेस येतो तो याच कुळातल्या पदार्थांमुळे. पीठ त्वचेला साबणाइतकं अल्कधर्मी करत नाही.

पिठाची अडचण आहे ती कणांची. रव्याचा जाडसर कण अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे 500 मायक्रॉनचा असतो. आपला तो थर 15 मायक्रॉनचा. तीसपट मोठा, कडा असलेला कण त्याच्यावरून फिरवला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. अक्रोडाच्या कवचाची पूड घातलेली स्क्रब तर कोरड्या, नाजूक त्वचेच्या वाटेलाही जाऊ नयेत. जुन्या बायका उटण्याची पूड वस्त्रगाळ करायच्या, मलमलीच्या फडक्यातून. कचोरा, नागरमोथा, वाळा, सगळं कुटून गाळून. त्या गाळण्याचं महत्त्व मला इतक्या वर्षांनी कळलं. मिक्सरमधून काढलेली पूड बोटांना मऊ लागते, पण गालाला नाही.

पीठ बदलायचं म्हणून मी ओट घेतलं. ओट आपल्याकडचं नाही हे खरं, पण कोरड्या त्वचेसाठी त्याच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच एखाद्या पिठाच्या बाजूने असेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2003मध्ये अतिसूक्ष्म दळलेल्या ओटला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. त्यातला बीटा-ग्लुकन नावाचा तंतुमय पदार्थ पाणी धरून ठेवतं आणि अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड नावाची संयुगं खाज व लाली कमी करतात. साधे ओट मिक्सरमध्ये फिरवून वस्त्रगाळ करायचे. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळावं. पाणी दुधासारखं झालं आणि तळाशी लगेच साका बसला नाही, तर दळण जमलं.

मग मी तीन आठवडे चेहऱ्याच्या दोन बाजूंवर दोन प्रकार करून पाहिले. त्वचारोगतज्ज्ञही औषधं अशीच अर्ध्या-अर्ध्या चेहऱ्यावर पडताळतात. आधी आठवडाभर ओटचं पीठ कोपराच्या आतल्या बाजूला रोज लावून पाहिलं. काही झालं नाही, तेव्हाच चेहऱ्याला हात लावला. डाव्या गालाला आठवड्यातून दोनदा चार थेंब तेल, वीस मिनिटांनी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजलेलं ओट, तेही न रगडता, नुसतं फिरवून. उजव्या गालाला फक्त कोमट पाणी. साबण दोन्हीकडे बंद. तोंड टिपून ओलसर असतानाच दोन्ही गालांना एकच साधं, बिनवासाचं क्रीम.

चौथ्या दिवशी डावा गाल स्पष्टपणे मऊ होता. दहाव्या दिवशी उजव्याने त्याला जवळजवळ गाठलं. तीन आठवड्यांनी फरक उरला तो फक्त नाकपुडीच्या कडेला. एका चेहऱ्यावरून नियम काढता येत नाही, पण मला यातून दिसलं ते असं की बहुतेक काम साबण सोडण्याने आणि ओलाव्याने केलं. पाणी मिळाल्यावर विकरांनी आपले टाके आपणच उसवले. पिठाने शेवटचा हात फिरवला, इतकंच.

अभ्यंगात तेल आधी का, याचंही कारण इथेच मिळतं. तेल उचकटलेल्या पापुद्र्यांच्या फटींत शिरतं, त्यांच्या कडा बसवतं, घर्षण कमी करतं, आणि नंतरचं पीठ त्वचेच्या स्वतःच्या मेदाऐवजी हे वरचं तेल टिपून घेतं. आपण वेळ नाही म्हणून तेल सोडलं आणि चोळणं तेवढं ठेवलं. तेल कोणतं, यालाही अर्थ आहे. ब्रिटनमध्ये 2013 साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेचा हा संरक्षक थर कमकुवत झाला, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. खोबरेल तेल कोरड्या त्वचेत ओलावा वाढवतं असं फिलिपिन्समधल्या 2004च्या अभ्यासात दिसलं, पण मुरुमं येणाऱ्यांनी चेहऱ्यावर ते जपून वापरावं.

दही लावू का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. दह्यातलं लॅक्टिक आम्ल खरोखरच टाके सैल करतं. अमेरिकेतल्या व्हॅन स्कॉट आणि यू या संशोधकांनी 1974मध्ये खवल्यांच्या त्वचारोगात अशी फळांतली-दुधातली आम्लं उपयोगी पडतात हे दाखवलं आणि वरचा थर आम्लाने सोलून काढणारी आजची ‘पील’ तिथूनच आली. पण कोणाची त्वचा संवेदनशील आहे हे तपासायला नाकाशेजारच्या घडीत लॅक्टिक आम्लच लावून चुणचुण पाहतात. चुणचुणलं तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं, लगेच धुऊन टाका. लिंबू मात्र कधीच नको. त्याचा पीएच 2च्या आसपास असतो, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडीला भाजल्यासारखे डाग पडू शकतात. मुलतानी माती तेलकट चेहऱ्यासाठी ठीक, कोरड्याला ती आणखी शोषते. आणि चेहरा आधीच लाल, चिरलेला असेल, किंवा मुरुमांसाठी रेटिनॉइडचं मलम चालू असेल, तर कोणतंच पीठ नको.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, या समजाला सर्वांत मोठा धक्का जपानमध्ये बसला. तिथे तोंड धुण्याच्या एका साबणात गव्हाचं विघटित प्रथिन घातलेलं होतं. तो वापरणाऱ्यांपैकी दोन हजारांहून अधिक लोकांना पुढे गव्हाचीच अ‍ॅलर्जी झाली, नूडल्स किंवा पाव खाल्ल्यावर त्रास होऊ लागला, आणि 2011मध्ये साबण बाजारातून परत घ्यावा लागला. ब्रिटनमधले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांनी 2008मध्ये मांडलेला विचार याच्याशी जुळतो: अन्न तोंडावाटे आधी भेटलं तर शरीर त्याला ओळखीचं मानायला शिकतं, फाटक्या त्वचेतून आधी भेटलं तर शत्रू मानू शकतं. म्हणून चिरलेल्या कातडीवर कोणतंही खाद्य पीठ मी लावत नाही, ओटसुद्धा.

मागच्या महिन्यात भाचीचं बाळंतपण झालं. तिसऱ्या आठवड्यात मावशींनी बाळाच्या कपाळावरची लव जावी म्हणून डाळीचं पीठ आणि साय कालवली. घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आणि मावशींचा हात मायेचाच. मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं की ही लव काही आठवड्यांत आपोआप झडते, बाळाची कातडी अजून पुरती तयार झालेली नसते, आणि डाळ त्याला पहिल्यांदा वरणाच्या पाण्यातून भेटू दे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग तेलाची वाटी जवळ ओढून हलक्या हाताने बाळाचे पाय चोळू लागल्या. उरलेल्या पिठाचं रात्री पिठलं झालं.