शेवटच्या फेरीतील हिरे: एक खुलासा
अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे एक समज फिरतो: खरे हिरे ड्राफ्टच्या (संघांनी पाळीपाळीने, फेऱ्यांमध्ये नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेच्या) शेवटच्या फेऱ्यांतच मिळतात आणि चाणाक्ष संघ त्यासाठी मुद्दाम थांबतात. आधार दिला जातो तो 2000 साली सहाव्या फेरीत, 199 व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या आणि पुढे सात विजेतेपदे मिळवणाऱ्या टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकचा (आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा). उदाहरण खरे आहे. मात्र त्याच संघाने त्याच्याआधी सहा खेळाडू घेतले होते, आणि त्याची गुणवत्ता पुरती ओळखली असती, तर दुसरा संघ त्याला केव्हाही उचलू शकत असताना इतके थांबण्याचा धोका कोणीच पत्करला नसता. पडताळणीसाठी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची यादी उघडून पहिल्या व सातव्या, म्हणजे शेवटच्या, फेरीतील नावांपुढचे सामन्यांचे आकडे शेजारी ठेवावेत: सातव्या फेरीत मोजकेच सामने खेळलेले, किंवा एकही न खेळलेले, कितीतरी जण आढळतात, आणि त्यांची नावे चर्चेत कधी येतच नाहीत.