आबिजान २०११ आणि बांजुल २०१७: सारखी वाटणारी दोन प्रकरणं

निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला बाहेरच्या फौजांनी घालवलं, याचे दाखले देताना पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट (मुख्य शहर आबिजान) आणि गांबिया (राजधानी बांजुल) यांची नावं एका दमात घेतली जातात. प्रकरणं मात्र वेगळ्या जातीची आहेत.

आयव्हरी कोस्ट २००२ पासूनच फाटलेला होता: उत्तरेत बंडखोर, दक्षिणेत सरकार. नोव्हेंबर २०१० च्या दुसऱ्या फेरीत विरोधी उमेदवार अलासान वातारांना ५४ टक्के मतं मिळाल्याचं निवडणूक आयोगाने जाहीर केलं. निकालावर अंतिम शिक्का मारणाऱ्या घटना परिषदेने उत्तरेतली मतं बाद करून सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष लॉराँ ग्बाग्बोंना विजयी ठरवलं. निकाल प्रमाणित करण्याचा अधिकार तिथे संयुक्त राष्ट्रांकडे होता (एरवी निरीक्षक नुसता अहवाल देऊन परततात). संयुक्त राष्ट्रांनी वातारांचा विजय मान्य केला. एका देशात दोन राष्ट्राध्यक्ष झाले आणि सुमारे ३,००० माणसं मेली. सुरक्षा परिषदेच्या ठराव १९७५ ने बळ वापरू दिलं ते नागरिकांना जड शस्त्रांपासून वाचवायला. सत्तापालट त्यात नव्हता. पण संयुक्त राष्ट्रांच्या आणि फ्रेंच हेलिकॉप्टरांनी मारा केला आणि ११ एप्रिल २०११ ला वातारांच्या सैनिकांनी ग्बाग्बोंना पकडलं. माझ्या मते हे यादवीत एका बाजूच्या पारड्यात वजन टाकणं होतं.

गांबियात यादवी नव्हतीच. तिथे मतदार पत्र्याच्या पिंपात गोटी टाकून मत देतात. डिसेंबर २०१६ मध्ये २२ वर्षं सत्तेत असलेले याह्या जामे हरले, त्यांनी पराभव मान्य केला आणि आठवडाभरात शब्द फिरवला. १९ जानेवारी २०१७ ला निवडून आलेल्या अदामा बॅरोंनी सेनेगलची राजधानी डाकारमधल्या गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली, त्याच दिवशी इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचं सैन्य सेनेगलमधून आत शिरलं. सुरक्षा परिषदेने बळाची स्पष्ट परवानगी दिली नव्हती. आधार होता तो नव्या राष्ट्राध्यक्षांच्या विनंतीचा. पण जामे एकटे पडले होते: देशाच्या तीन बाजूंनी सेनेगल, आणि खुद्द गांबियाचे लष्करप्रमुख म्हणत होते, माझे जवान या भांडणात लढणार नाहीत. २१ तारखेला जामे विमानात बसले.

हिशेब नंतरही वेगळाच लागला. ग्बाग्बो हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात उभे राहिले आणि २०१९ मध्ये निर्दोष सुटले; वातारांच्या बाजूच्या कुणावरही तिथे खटला चालला नाही. गांबियात रक्त सांडलं नाही, पण जामे इक्वेटोरियल गिनीत सुखरूप पोचले, आणि तिजोरीतले १ कोटी १० लाखांहून जास्त डॉलर नाहीसे झाल्याचं बॅरोंच्या सल्लागाराने सांगितलं.