वंध्यत्व व प्रजनन-आरोग्य संशोधन : बेळगाव सीमाभाग

वर्षभर कोणतेही गर्भनिरोधक न वापरता नियमित शरीरसंबंध येऊनही दिवस राहिले नाहीत, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. ही व्याख्या जोडप्याची आहे. बोलीत मात्र ‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द बाईलाच चिकटतात. ‘षंढ’ ही पुरुषाला दिली जाणारी शिवी वेगळ्याच व्यंगाची. वीर्यात शुक्राणू नसलेला पुरुष इतर सर्व बाबतींत धडधाकट असतो, म्हणून त्याची तपासणी करावी हे घरात कुणाला सुचत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या अभ्यासाला पहिली अडचण इथेच येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईच्या कारणासोबत असते.

बेळगावचे नाव या क्षेत्रात झाले ते बाळंतपणावरील संशोधनामुळे. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. माता व बालकांच्या आरोग्यावरील आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्यात ते दोन दशकांहून अधिक काळ काम करीत आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,६२० स्त्रियांचा समावेश होता. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला नर्सबाई रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाची ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा तोंडाने देत. बाळंतिणीच्या कमरेखाली खुणा केलेले प्लॅस्टिक अंथरले जाई. त्याच्या पिशवीत साठलेले रक्त खुणांवर मोजता येई. तोवर हे मोजमाप नजरेच्या अंदाजावर चाले, आणि तो अंदाज बहुधा कमीच निघे. अतिरक्तस्रावाचे प्रमाण औषधाविना नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या बायांत १२ टक्के, तर औषध मिळालेल्यांत ६.४ टक्के निघाले. ना सुई, ना बर्फाची पेटी. गोळ्या आणि त्या देणारी नर्सबाई एवढ्यावर हे झाले, म्हणून या कामाचे मोल मोठे.

मूल न होण्याशी याचा संबंध दूरचा वाटतो, पण तो दूरचा नाही. बाळंतपणात किंवा गर्भपातानंतर जंतुदोष झाला, तर गर्भनलिका चिकटून बंद होऊ शकतात आणि एकदा दिवस राहिलेल्या बाईला पुन्हा दिवस राहत नाहीत. याला दुय्यम वंध्यत्व म्हणतात. कळा सुरू असताना अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची २ ग्रॅमची एकच मात्रा दिल्यास काय होते, हे सात देशांतील २९ हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये तपासले गेले. त्यातही बेळगाव होते. २०२३ मध्ये निष्कर्ष आले : मातेचा गंभीर जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर उतरले. बाळंतपणावरच्या कामाला मिळाले तेवढे लक्ष मूल न होण्याच्या दुःखाला मिळालेले नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे.

कारणांमध्ये बीज वेळेवर न सुटणे, गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढणे आणि नलिका बंद असणे ही प्रमुख. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे क्षयरोगही असतो. खोकला नाही, ताप नाही, तरी रोग आत काम करीत राहतो. पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यांत सोपी आहे : दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायचा. तरीही दवाखान्यात फाइल सुनेच्या मांडीवर असते, उत्तरे सासू देते आणि नवरा बाहेर गाडीपाशी उभा असतो. एक्स-रेखाली रंगद्रव्य सोडून बाईच्या नलिका तपासून झाल्या, तरी त्याचा नमुना दिलेला नसतो.

दवाखान्याच्या आधी आणि नंतरही नवस असतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला ओटी भरायला मराठी व कन्नड दोन्ही घरांतल्या बाया जातात. मूल व्हावे म्हणून मुलगी देवीला सोडण्याचा नवसही पूर्वी बोलला जाई. कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने देवदासी-समर्पणावर बंदी घातली. कृत्रिम गर्भधारणेच्या केंद्रांना २०२१ च्या केंद्रीय कायद्याने नोंदणी सक्तीची केली असून उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५०, पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते.

सीमेचा खरा परिणाम कागदांवर दिसतो. खानापुरात दिलेली चंदगडची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. तिचे थायी कार्ड, म्हणजे गरोदर मातेच्या नोंदींचे कार्ड, कर्नाटकाचे, बाळंतपण महाराष्ट्रात. बेळगावातून तिची पुढची चौकशी करायची तर राज्य ओलांडावे लागते. भाषेचेही तसेच. ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणणाऱ्या बाईला कन्नड प्रश्नावलीतले ‘बिळी सेरगु’ कळेलच असे नाही, आणि पुस्तकी मराठीतला ‘श्वेतप्रदर’ तर नाहीच. ‘लेकरं किती?’ या प्रश्नाला ती ‘नाहीत’ म्हणते आणि रकान्यात शून्य पडते. ‘कधी दिवस गेले होते का, बाई?’ असे जवळ बसून विचारले, की ती खाली बघत सांगते, ‘दोनदा. दोन्ही पडली.’